कोचला हाकला!

२०२५च्या नरकचतुर्दशीला ठाण्याच्या राम मारुती रोडवर नेहमीप्रमाणे सकाळीच पाय ठेवायला जागा नव्हती. नवे कुर्ते, सेल्फी, डीजेचा दणदणाट. एवढ्या गोंगाटातही नौपाड्यातली माणसं क्रिकेटवर वाद घालायला कोपरा शोधतातच, आणि त्या दिवशी विषय ठरलेला होता. आदल्या रात्री इंदूरला महिला विश्वचषकात भारत इंग्लंडकडून चार धावांनी हरला होता. २८९ धावांचा पाठलाग, तीन बाद २३४ अशी सुस्थिती, तिथे स्मृती मानधना ८८वर बाद झाली आणि जिंकत आलेला सामना निसटला. दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि आता इंग्लंड, असा हा सलग तिसरा पराभव. फराळाची ताटं पुढे येईपर्यंत घराघरांत निकाल लागला होता : प्रशिक्षक अमोल मुझुमदारला हाकला. चकली मोडता मोडता माणसं त्याच्या जागी कोणाला आणायचं तेही ठरवत होती.

दोन आठवड्यांनी, २ नोव्हेंबरला, ठाण्याहून नेरुळकडे जाणाऱ्या ट्रान्सहार्बर गाड्या निळ्या शर्टांनी भरल्या. डी. वाय. पाटील स्टेडियमवर मध्यरात्रीच्या सुमाराला भारताने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवलं आणि भारतीय महिलांनी पहिल्यांदाच विश्वचषक उचलला. प्रशिक्षक तोच होता. दुखापतीमुळे ऐनवेळी आलेली शफाली वर्मा सोडली तर संघही जवळपास तोच. ज्या घरांनी दिवाळीत त्याला नारळ दिला होता, तिथे तो आता ‘आपला अमोल’ झाला होता.

या कोलांटउडीवर हसणं सोपं आहे आणि बरेच जण हसलेही. मला त्यात हसण्यापेक्षा विचार करण्यासारखं जास्त दिसतं, कारण दिवाळीतला तो राग निव्वळ बिनडोक नव्हता. आधीच्या सामन्यांत सहावा गोलंदाज नसल्याची ओरड झाली, म्हणून इंग्लंडविरुद्ध जेमिमा रॉड्रिग्जला बाहेर बसवून रेणुका सिंगला घेतलं गेलं. शेवटच्या दहा षटकांत डोकं थंड ठेवून खेळणारी जी फलंदाज हवी होती, ती डगआउटमध्ये बसून होती. पुढच्याच सामन्यात, न्यूझीलंडविरुद्ध, ती तिसऱ्या क्रमांकावर उतरली आणि नाबाद ७६ धावा करून आली. ३० ऑक्टोबरला उपांत्य फेरीत ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावांचा पाठलाग करताना तिने नाबाद १२७ धावा काढल्या. म्हणजे राम मारुती रोडवरची टीका क्रिकेट म्हणून चोख होती आणि संघव्यवस्थापनाने कृतीने ती मान्यही केली. घोटाळा झाला तो पुढच्या वाक्यात. निर्णय चुकला, म्हणून माणूसच काढा, ही उडी कुठून आली?

ती फार जुनी आहे, आणि मुंबई क्रिकेटच्या चाहत्याइतकी ती कोणाच्याच अंगवळणी पडलेली नाही. कागदोपत्री ठाणे वेगळा जिल्हा, वेगळी महापालिका. पण मुंबई क्रिकेट संघटनेची हद्द पश्चिम रेल्वेवर डहाणूपर्यंत आणि मध्य रेल्वेवर बदलापूरपर्यंत जाते. त्यामुळे गोखले रोडवरचा माणूस ‘मुंबई हरली’ असं म्हणत नाही, ‘आपण हरलो’ असं म्हणतो. रणजी करंडक सुरू झाला १९३४-३५मध्ये. तिथपासून २०१५-१६पर्यंतच्या ८२ मोसमांत मुंबईने तो ४१ वेळा जिंकला, म्हणजे बरोबर निम्मे. १९५८-५९ ते १९७२-७३ अशी सलग पंधरा वर्षं तो मुंबईच्याच मुक्कामी होता. त्या काळात ज्यांचं बालपण गेलं ते आज पंचाहत्तरीच्या आसपास आहेत आणि मासुंदा तलावाच्या कठड्यावर बसून नातवंडांना सांगतात, की रणजी करंडक म्हणजे आपल्या घरातली वस्तू. घरातली वस्तू दुसऱ्याच्या घरी दिसली की पहिला संशय चोरीचा येतो, आणि चोर म्हणून हाताशी सापडतो तो प्रशिक्षक.

२०१६-१७नंतरचा मुंबईचा काळ या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. त्या मोसमाच्या अंतिम सामन्यात इंदूरला पार्थिव पटेलने १४३ धावांची खेळी करून करंडक गुजरातला नेला. पुढच्या मोसमात, नोव्हेंबर २०१७मध्ये, मुंबईचा ५००वा रणजी सामना वानखेडेवर थाटात सुरू झाला, आणि बडोद्याविरुद्ध पहिल्या डावात मुंबई १७१वर आटोपली. बडोद्याने पावणेसहाशे धावा ठोकल्या. सिद्धेश लाड २३८ चेंडू खेळून ७१वर नाबाद राहिला म्हणून सोहळ्याचं सुतक झालं नाही. त्याच मोसमात नागपूरला उपांत्यपूर्व फेरीत कर्नाटकाने डावाने हरवलं, विनयकुमारची हॅटट्रिक त्यातलीच. पुढचे दोन मोसम मुंबईला बाद फेरीही गाठता आली नाही. डिसेंबर २०१९मध्ये तर रेल्वेच्या संघाने वानखेडेवर येऊन तीन दिवसांत दहा गडी राखून हरवलं. रेल्वे मुंबईकराला रोजच रडवते, पण मैदानावर नाही, असा एक समज होता, तोही गेला. जानेवारी २०२३मध्ये ब्रेबॉर्नवर मुंबई आणि महाराष्ट्र समोरासमोर आले. दोघांच्याही पहिल्या डावात ३८४ धावा झाल्या. आघाडी कोणालाच नाही, विजय कोणाचाच नाही, आणि बाद फेरीच्या बाहेर मात्र दोघेही.

या काळात प्रशिक्षकाच्या खुर्चीवर कोण कोण बसून गेलं? चंद्रकांत पंडित, समीर दिघे, विनायक सामंत, अमित पगनीस, रमेश पोवार, अमोल मुझुमदार आणि ओंकार साळवी. यांतले काही आपणहून गेले, काहींना पुढची संधी मिळाली नाही. कारणं निरनिराळी असतील. पण नौपाड्यात प्रत्येकाच्या जाण्यावर एकाच शब्दात प्रतिक्रिया उमटली : सुटलो. आणि नव्याच्या येण्यावर : बघू.

पंडितांची गोष्ट सगळ्यांत जास्त सांगितली जाते, म्हणून ती नीट सांगायला हवी. मुंबईचा हा जुना यष्टिरक्षक, रमाकांत आचरेकरांचा शिष्य. प्रशिक्षक म्हणून त्यांनी मुंबईला २००२-०३, २००३-०४ आणि २०१५-१६ असे तीन करंडक दिले. २०१७मध्ये गुजरातकडून अंतिम सामना हरल्यावर मुंबईने त्यांना पुढे ठेवलं नाही. ते विदर्भात गेले आणि विदर्भाने लागोपाठ दोन वर्षं रणजी जिंकली. तिथून मध्य प्रदेशात गेले. २६ जून २०२२ला बंगळुरूच्या चिन्नास्वामी मैदानावर मध्य प्रदेशाने पहिल्यांदा करंडक जिंकला, तोही मुंबईला सहा गडी राखून हरवून. तेवीस वर्षांपूर्वी त्याच मैदानावर पंडित मध्य प्रदेशाचे कर्णधार म्हणून अंतिम सामना हरले होते. समोरच्या मुंबईच्या तंबूत प्रशिक्षक होते अमोल मुझुमदार. तेही आचरेकरांचेच शिष्य.

त्या संध्याकाळी नौपाड्यात काय बोललं गेलं असेल ते सांगायला नको. पंडितला घालवला, मुझुमदारला आणला, भोगा आता. यात पंडित जादूगार ठरतात आणि मुझुमदार निकम्मे. मला ही दोन्ही मतं म्हणजे एकाच चुकीच्या दोन बाजू वाटतात. विदर्भाचंच उदाहरण घ्या. पंडित नागपूरला पोचण्याच्या कितीतरी आधी जामठ्याला मैदान उभं राहिलं होतं, निवासी अकादमी चालू होती, वयोगटांच्या संघांवर वर्षानुवर्षं काम झालं होतं. मुंबईचा वसीम जाफर आणि कर्नाटकाचा गणेश सतीश यांच्यासारखे अनुभवी खेळाडू बाहेरून आणून तरुणांच्या मध्ये बसवले होते. पंडितांनी त्या तयार जमिनीत शिस्त पेरली आणि पीक घेतलं. त्यांचं श्रेय मोठं आहे, ते कोणी काढून घेऊ नये. पण पंडित गेल्यावरही विदर्भ संपला नाही. २०२३-२४मध्ये तो पुन्हा अंतिम फेरीत आला, २०२४-२५मध्ये उपांत्य फेरीत मुंबईला हरवून पुढे गेला आणि उस्मान घनी यांच्या हाताखाली तिसऱ्यांदा जिंकला. जादू माणसात असती तर ती माणसाबरोबर निघून गेली असती.

आणि पंडितांची जादू तरी सगळीकडे चालली का? आयपीएलमध्ये त्यांच्याच हाताखाली कोलकाता २०२४ला विजेता ठरला आणि २०२५ला आठवा आला. विजयाचं श्रेय लोकांनी मार्गदर्शक गौतम गंभीर यांना दिलं, अपयश पंडितांच्या पदरात टाकलं. गंभीर त्या श्रेयावर स्वार होऊन भारतीय संघाचे प्रशिक्षक झाले. पहिल्याच मोसमात न्यूझीलंडने भारतात येऊन ३-० असा धुव्वा उडवला, त्यातला शेवटचा पराभव आपल्या वानखेडेवर, २५ धावांनी. मग चॅम्पियन्स करंडक आला आणि गंभीर पुन्हा थोर ठरले. नोव्हेंबर २०२५मध्ये गुवाहाटीत दक्षिण आफ्रिकेकडून ४०८ धावांनी हरल्यावर प्रेक्षकांनी तिथेच त्यांच्या नावाने हाय हाय केलं. वर्ष-सव्वा वर्षात एकाच माणसाची किंमत इतक्या वेळा वर-खाली होत असेल, तर आपण त्या माणसाचं मोजमाप करतच नाही आहोत. आपण फक्त शेवटचा निकाल त्याच्या कपाळावर चिकटवतो आहोत.

प्रशिक्षकच का सापडतो, याचं उत्तर त्याच्या गुणदोषांत नाही, त्याच्या जागेत आहे. तो दिसतो. निवड समिती बंद दाराआड बसते, संघटनेच्या क्रिकेट सुधारणा समितीतले सदस्य कोण हे गोखले रोडवरच्या दहांतल्या एकालाही सांगता येणार नाही, पण प्रशिक्षक कॅमेऱ्यासमोर हनुवटीला हात लावून बसलेला असतो. दुसरं, तो काढता येतो. पंधरा खेळाडू बदलणं अवघड, क्लब क्रिकेटची घडी बदलणं त्याहून अवघड, एक माणूस बदलायला एक बैठक पुरते. आणि तिसरं म्हणजे तो गेल्याने कोणाचंच काही जात नाही. चाहत्यांचा राग संघटनेला नकोसा असतो असं आपण समजतो. तो प्रशिक्षकावर असेपर्यंत संघटनेला तो हवाच असतो.

एप्रिल २०२४मध्ये वानखेडेवर हार्दिक पंड्याची जी हुर्यो झाली, तिचीही जात हीच. रोहित शर्माचं कर्णधारपद काढून हार्दिकला देण्याचा निर्णय मालकांचा होता, शिव्या हार्दिकला पडल्या. मुंबई इंडियन्स त्या वर्षी दहांत दहावी आली. जुलैमध्ये तोच हार्दिक विश्वचषक घेऊन त्याच मैदानावर आला, तेव्हा त्याच स्टँडमधून त्याच्या नावाचा जयघोष झाला. मालक दोन्ही वेळा तेच होते, आणि त्यांना कोणी काही म्हटलं नाही.

अजित वाडेकरांच्या आयुष्यात हे सगळं एकत्र आलेलं आहे. १९७१ला वेस्ट इंडिज आणि इंग्लंड या दोन्ही ठिकाणी मालिका जिंकून आलेल्या या कर्णधाराची मुंबईने मिरवणूक काढली. १९७४ला इंग्लंडमध्ये तिन्ही कसोटी हरल्या, लॉर्ड्सवर ४२ धावांत सगळे बाद झाले, आणि मुंबईतल्या त्यांच्या घरावर दगड पडले. तो किस्सा आपल्याकडे चघळून चघळून सांगतात, चाहत्यांच्या वेडाचा नमुना म्हणून. पण वाडेकरांच्या बाबतीत पुढे घडलेली एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. २००१मध्ये ते मुंबई क्रिकेट संघटनेच्या अध्यक्षपदाला उभे राहिले आणि शरद पवारांकडून हरले. दहा वर्षांनी, २०११ला, दिलीप वेंगसरकर त्याच पदाला उभे राहिले आणि विलासराव देशमुखांकडून हरले. मुंबईकडून आयुष्यभर खेळलेले, भारताचे कर्णधार राहिलेले दोन फलंदाज, आणि दोन राजकारणी. निकाल दोन्ही वेळा एकच. पवार काय किंवा देशमुख काय, त्यांनी क्रिकेटसाठी काही केलं नाही असं मी म्हणणार नाही. मैदानं, पैसा, सरकारदरबारची कामं यात राजकीय वजनाचा उपयोग होतो, हे अमान्य करण्यात अर्थ नाही. प्रश्न चाहत्यांचा आहे. ४२ धावांसाठी ज्या शहराने दगड उचलले, त्याने या दोन निवडणुकांवर साधी निराशा तरी दाखवली का? तिथे मत क्लबांचं असतं, प्रेक्षकाचं नसतं, म्हणून प्रेक्षकाने ती आपली बाबच मानली नाही. मुंबई क्रिकेटचं पुढच्या दहा वर्षांचं भवितव्य जिथे ठरतं तिथे आपण गप्प बसतो, आणि पुढच्या दहा षटकांवर घसा फोडतो.

अमेरिकेत विद्यापीठांच्या फुटबॉलवर असंच वेड आहे, फक्त पैशाने शंभरपट. तिथल्या कित्येक राज्यांत सरकारी नोकरांमध्ये सर्वांत मोठा पगार विद्यापीठाच्या क्रीडा प्रशिक्षकाचा असतो. २०२३मध्ये टेक्सस ए अँड एम विद्यापीठाने प्रशिक्षक जिंबो फिशर यांना कराराच्या मध्यावर काढलं, आणि न केलेल्या कामाचे साडेसात कोटी डॉलरहून अधिक त्यांना देणं लागलं. पण मला त्याहून बोलकी वाटते ती नेब्रास्काची कथा. १९९४, १९९५ आणि १९९७चे विजेते, म्हणजे तिकडची आपली मुंबईच. २००३मध्ये त्यांनी प्रशिक्षक फ्रँक सोलिच यांना काढलं. त्या मोसमात सोलिच यांनी बारापैकी नऊ सामने जिंकले होते. नऊ विजय म्हणजे आमच्या परंपरेला कमीपणा, असा तो रुबाब होता. त्यानंतर प्रशिक्षक येत गेले, जात गेले. १९९७च्या विजेत्या संघातला स्कॉट फ्रॉस्ट घरचा माणूस म्हणून वाजतगाजत आणला, तोही २०२२मध्ये मोसमाच्या सुरुवातीलाच घालवला. विजेतेपद अजून परत आलेलं नाही. मात्र एक गोष्ट त्या लोकांनी सोडली नाही. २०२०चा कोरोनाचा मोसम सोडला, तर १९६२पासून त्यांच्या मैदानावरचा एकही सामना रिकाम्या खुर्च्यांसमोर झालेला नाही. साठ वर्षांहून जास्त काळ, जिंकताना आणि हरताना, सगळी तिकिटं खपतात. त्यांनी प्रशिक्षकाला शिव्या दिल्या तर तो हक्क त्यांनी पावसात भिजून कमावलेला आहे.

आपण रणजी सामन्याला शेवटचं कधी गेलो? २०१९मध्ये रेल्वेने वानखेडेवर मुंबईला लोळवलं तेव्हा ते पाहायला किती जण होते? जानेवारी २०२५मध्ये बीकेसीवर जम्मू-काश्मीरविरुद्ध गर्दी झाली, ती रोहित शर्मा खेळत होता म्हणून. रोहित, यशस्वी जैस्वाल, अजिंक्य रहाणे, श्रेयस अय्यर असा भरगच्च संघ असूनही मुंबई पहिल्या डावात १२०वर बाद झाली आणि पाच गड्यांनी हरली. प्रशिक्षक साळवी होते, ज्यांनी दहा महिन्यांपूर्वीच करंडक जिंकून दिला होता. आता त्यांनाही हाकला, असं लगेच कोणीतरी म्हणालंच. दुसऱ्या डावातलं शार्दुल ठाकूरचं ११९ धावांचं शतक मात्र रोहित बाद झाल्यावर घरी निघालेल्यांना दिसलंच नाही.

शार्दुलवरून मूळ मुद्द्याकडे येता येतं. मुंबईने आठ वर्षांनी, १४ मार्च २०२४ला, विदर्भाला १६९ धावांनी हरवून ४२वा करंडक घेतला, तो कोणी घेतला ते पाहा. कर्णधार अजिंक्य रहाणे, वाढला डोंबिवलीत. अंतिम सामन्याच्या दुसऱ्या डावात त्याच्या ७३ धावा होत्या. उपांत्य फेरीत तमिळनाडूविरुद्ध डाव कोसळत असताना शतक ठोकणारा, आणि अंतिम सामन्यात मुंबईच्या २२४पैकी ७५ धावा काढणारा शार्दुल, पालघरचा. उपांत्यपूर्व फेरीत बडोद्याविरुद्ध दहाव्या आणि अकराव्या क्रमांकाच्या दोन्ही फलंदाजांनी शतकं केली, जे प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये त्याआधी फक्त एकदा, १९४६ला, सरवटे-बॅनर्जी जोडीने केलं होतं. त्या दोघांतला तनुष कोटियन मुंबईतला, आणि तुषार देशपांडे आपल्या कल्याणचा. म्हणजे करंडक परत आणण्यात डोंबिवली, कल्याण आणि पालघर यांचा वाटा डोळ्यांत भरण्यासारखा होता. हे प्रशिक्षक बदलून झालं का? साळवींचं काम चांगलंच झालं. पण या मुलांना घडवलं ते कोणत्याही एका प्रशिक्षकाने नाही. लहानपणापासून खांद्यावर किट घेऊन लोकलच्या दारात उभं राहण्याची जी तयारी त्यांच्या घरांनी दाखवली, त्या तयारीने ते घडले.

आणि हे कौतुकाने सांगताना मला थोडी लाजही वाटते. ठाण्या-कल्याणच्या मुलाला क्रिकेटसाठी दादर, आझाद मैदान किंवा ओव्हलच का गाठावं लागतं? कांगा लीग १९४८पासून चालू आहे, तिचा जीव आजही दक्षिण मुंबईच्या मैदानांत आहे. ठाण्यात दादोजी कोंडदेव स्टेडियम आहे, आयपीएलचे संघ तिथे सराव करून गेले, तेव्हा आपण बातम्या वाचून खूश झालो. नौपाड्यातल्या गावदेवी मैदानाखाली वाहनतळ बांधला गेला. गाड्या लावायला जागा हवी, हे मला कळतं. पण एका मैदानाचा विचार करताना शहराच्या मनात पहिली गोष्ट गाडीची यावी आणि खेळाची मागाहून, याचं मुंबईच्या रणजी संघाशी काही नातं आहे, असं मला तरी वाटतं. त्या खोदकामावर काही रहिवासी बोलले. कोचवर बोलणाऱ्यांच्या तुलनेत ते मूठभर होते.

यावर समंजस माणसं म्हणतात, खेळ आहे, खेळासारखा घ्या, एवढं चिडायचं काय. हा सल्ला मला मान्य नाही. ज्या संघाच्या पराभवावर कोणीच चिडत नाही तो संघ संपलेला असतो, आणि शांत प्रेक्षक सगळ्यांत जास्त आवडतो तो कारभाऱ्यांना. शिवाय प्रशिक्षकाला जबाबदारीच नाही असंही नाही. संघ एकाच पद्धतीने वारंवार हरत असेल, तरुण खेळाडू आले तसेच अर्धवट परत जात असतील, ड्रेसिंग रूममध्ये गटबाजी माजली असेल, तर माणूस बदलायलाच हवा, आणि लवकर. माझं म्हणणं इतकंच, की हे ठरवायला तीन मोसम लागतात, तीन सामने नाहीत. मुझुमदारांच्या मुंबईने जून २०२२मध्ये उत्तराखंडला ७२५ धावांनी हरवून विश्वविक्रम केला, त्याच महिन्यात अंतिम सामना गमावला, नोव्हेंबरात पहिल्यांदा सय्यद मुश्ताक अली करंडक जिंकला आणि जानेवारीत रणजीच्या साखळीतच गारद झाली. यातून काय निष्कर्ष काढायचा? २०२३मध्ये मुंबईत साळवी आले, ऑक्टोबरात मुझुमदार भारतीय महिला संघाकडे गेले. दोघेही यशस्वी झाले. एकाच्या जाण्याने मुंबई सुटली आणि दुसऱ्याच्या येण्याने तरली, अशी गोष्ट रचता येते, पण ती खरी ठरत नाही.

फलंदाज म्हणून ११,१६७ प्रथम श्रेणी धावा, रणजी पदार्पणात २६० आणि तरीही भारताची टोपी एकदाही नाही, असा हा माणूस. १९८८ला सचिन-विनोदच्या ६६४च्या भागीदारीत पॅड बांधून बसून राहिल्याची त्याची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, ती मी पुन्हा सांगत नाही. चाहत्यांच्या दोन आठवड्यांच्या रागाने तो डगमगेल असं मला कधीच वाटलं नाही. काळजी मला त्याची नाही, रागाची आहे. एवढा चांगला, एवढा जाणता राग दर वेळी एकाच माणसावर उधळून संपून जातो. इंग्लंडविरुद्ध जेमिमा का नव्हती, हा प्रश्न विचारू शकणारी डोकी नौपाड्यात पैशाला पासरी आहेत. त्याच डोक्यांनी विचारावं, की मुंबईचा मोसम संपल्यावर क्रिकेट सुधारणा समिती कोणता अहवाल देते आणि तो लोकांसमोर का येत नाही. एकोणीस वर्षांखालच्या संघातल्या मुलांचं तीन वर्षांनी काय होतं? प्रशिक्षकाला किती वर्षांचा करार मिळतो आणि संघनिवडीत त्याचा शब्द कितपत चालतो? ठाणे, डोंबिवली, कल्याणात टर्फ विकेटची मैदानं किती, आणि पुढच्या पाच वर्षांत किती होणार? हे प्रश्न कंटाळवाणे आहेत. त्यांच्यावर टाळ्या पडत नाहीत, आणि म्हणूनच ते विचारले जात नाहीत.

रणजीचा मोसम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो. बीकेसीच्या मैदानावर सहसा तिकीट लागत नाही. ठाण्याहून लोकलने कुर्ला, तिथून बस. मुंबई हरत असेल त्या दिवशी मुद्दाम जा, शेवटच्या षटकापर्यंत बसा, आणि परत येताना जो राग येईल तो वाटेत संपवू नका. एका कागदावर लिहून, सही करून, मुंबई क्रिकेट संघटनेच्या कचेरीत नेऊन द्या.